मराठी मजकूर भरल्यावर संकेतस्थळाची मांडणी लहान पडद्यावर का विस्कटते?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेले एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्या संकेतस्थळाची नव्याने मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी पूर्णवेळ वेब डिझाइनर नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी हे काम करतो. जुने संकेतस्थळ ९६० पिक्सेल रुंदीच्या ठरीव चौकटीत, फ्लोट (घटक डाव्या-उजव्या कडेला टेकवण्याची जुनी पद्धत) वापरून बांधलेले होते आणि सगळे जण संगणकावरच पाने उघडत होते तोवर ते ठीकच होते. आता बहुतेक सभासद पुस्तक शिल्लक आहे की नाही हे मोबाइलवर पाहतात, आणि त्यांतले बरेच जण साठीच्या पुढचे असल्याने फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवतात.

मी एक तयार इंग्रजी टेम्प्लेट घेतले. त्यातील नमुना मजकूर होता तोपर्यंत ते सर्व रुंदींना देखणे दिसत होते. मराठी मजकूर भरल्याबरोबर मात्र तीन गोष्टी बिघडल्या. नव्या पुस्तकांच्या कार्डांची ओळ ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर पडद्याबाहेर जाते आणि सगळे पानच आडवे सरकू लागते. टेम्प्लेटमध्ये ५७६, ७६८, ९९२ आणि १२०० असे चार ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ते टप्पे) होते; मी ४०० ला पाचवा घातला, मग ३४० ला सहावा घातला, तरी एखादे कार्ड हट्टाने बाहेर डोकावतेच. दुसरे म्हणजे शीर्षकांतील वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जातात. ‘नवी पुस्तके’ या शीर्षकातील वेलांटीचा डोंगर अगदी सपाट होतो. तिसरे असे की, हीच कार्डे मोठ्या पडद्यावर बाजूच्या अरुंद स्तंभात ठेवली की मुखपृष्ठ आणि मजकूर यांची दाटी होते, कारण पडदा मोठा आहे म्हणून कार्डही मोठेच आहे असे टेम्प्लेट गृहीत धरते.

त्यातच कार्यकारिणीची मागणी आहे की संकेतस्थळ ‘आधुनिक’ दिसले पाहिजे, म्हणजे वर फिरता स्लायडर हवा, काचेसारखे धूसर पट्टे हवेत आणि पडदाभर मोठी अक्षरे हवीत. यांतले काय घ्यावे आणि काय नाकारावे? मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याची रुंदी वगैरे पाहून मांडणी बदलणारे नियम, आता कालबाह्य झाल्या असेही वाचनात आले. ते कितपत खरे आहे?

चौकट

आपल्या पहिल्या अडचणीचे मूळ ब्रेकपॉइंटांत नाही, त्यामुळे सातवा घातला तरी ती सुटणार नाही. ग्रिडमध्ये (पान ओळी-स्तंभांत मांडण्याच्या पद्धतीत) स्तंभाला एक ‘एफआर’ (उरलेल्या जागेचा एक वाटा) रुंदी दिली की त्याचा खरा अर्थ ‘किमान ऑटो आणि कमाल एक एफआर’ असा होतो, आणि या ‘ऑटो’चा अर्थ व्यवहारात आतल्या सर्वांत लांब, न मोडणाऱ्या शब्दाइतकी रुंदी असा निघतो. फ्लेक्सबॉक्समधील (घटक एका ओळीत मांडण्याच्या पद्धतीतील) घटकाची किमान रुंदीही मुळात ऑटोच असते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, म्हणून इंग्रजीत चारपाच सुट्या शब्दांत विखुरलेला मजकूर आपल्याकडे ‘सभासदत्वाच्या नूतनीकरणासाठी’ अशा दोन लांबलचक शब्दांत येतो. ‘नूतनीकरणासाठी’ हा शब्द मोठ्या ठशात आला आणि शेजारी दुसरा स्तंभ असला की पहिला स्तंभ आकुंचन पावण्यास नकार देतो.

यावर उपाय असा की, स्तंभाची रुंदी नुसती ‘एफआर’मध्ये न देता ‘मिनमॅक्स’ने द्यावी आणि तिची किमान मर्यादा शून्य ठेवावी, फ्लेक्समधील घटकांना ‘मिन-विड्थ’ शून्य द्यावी, आणि मजकुराला ‘ओव्हरफ्लो-रॅप’चे ‘ब्रेक-वर्ड’ हे लांब शब्द मोडू देणारे मूल्य द्यावे. ‘एनीव्हेअर’ हे मूल्य मी सहसा टाळतो, कारण किमान रुंदी मोजताना ते प्रत्येक अक्षराला मोडण्याची मुभा गृहीत धरते आणि मग एखादा स्तंभ काडीसारखा बारीक होऊन बसतो. नेमका कोणता घटक बाहेर जातो हे कळत नसेल, तर पानावरील सर्व घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन देऊन पाहा. बॉर्डर देऊ नका. तिच्यामुळे मापेच बदलतात.

कार्डांच्या ओळीसाठी तर ब्रेकपॉइंटची गरजच नाही. ‘रिपीट’मध्ये ‘ऑटो-फिल’ घेऊन स्तंभाची किमान रुंदी १६ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचे माप) आणि कमाल एक एफआर ठेवली, की जागेत मावतील तितके स्तंभ ब्राउझर स्वतःच पाडतो. येथे एक बारकावा आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मूळ अक्षर १६ पिक्सेलचे असताना १६ रेम म्हणजे २५६ पिक्सेल होतात आणि ते ३६० च्या फोनवर सहज मावतात. पण सभासदाने अक्षरे दुप्पट केली की तेच ५१२ होतात आणि पान पुन्हा आडवे सरकते. म्हणून ती किमान रुंदी ‘मिन’ या फंक्शनमध्ये ‘१०० टक्के किंवा १६ रेम, यांतील जे लहान ते’ अशी लिहावी. ‘ऑटो-फिट’ आणि ‘ऑटो-फिल’ यांतला फरकही लक्षात असू द्यावा: शोधात एकच पुस्तक सापडले तर ‘ऑटो-फिट’ ते एकटे कार्ड सबंध रुंदीभर ताणते, आणि ‘ऑटो-फिल’ रिकाम्या स्तंभांची जागा राखून ठेवते. ग्रंथसूचीसाठी दुसरेच बरे.

तिसऱ्या अडचणीचे उत्तर कंटेनर क्वेरी हे आहे. इथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’वर रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना मांडली, तेव्हा प्रवाही ग्रिड, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी ही तीन साधने हाताशी होती, आणि त्यांपैकी मीडिया क्वेरी रुंदी विचारे ती फक्त सबंध पडद्याचीच. आपले कार्ड मोठ्या पडद्यावरच्या अरुंद कोपऱ्यात बसले आहे हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. कंटेनर क्वेरी कार्डाच्या धारकाची रुंदी विचारते. २०२२ मध्ये क्रोम १०५ आणि सफारी १६ यांत ती आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्स ११० मध्ये आली, आणि आता ती बिनदिक्कत वापरावी. दोन ठिकाणी मात्र माणूस हमखास अडखळतो. एक म्हणजे घटकाला स्वतःचीच रुंदी विचारून स्वतःची मांडणी बदलता येत नाही, म्हणून कार्डाभोवती एक वेष्टन लागते आणि ‘कंटेनर-टाइप’ त्या वेष्टनाला द्यावा लागतो. दुसरे म्हणजे असा प्रकार दिलेला घटक आपली रुंदी आतल्या मजकुरावरून ठरवत नाही. त्यामुळे तो फ्लेक्सच्या ओळीत वाढीची मुभा न देता ठेवला तर त्याची रुंदी शून्य होऊन कार्डच नाहीसे होते. माझे एक रविवार-दुपारचे जेवण यात गेले आहे.

मीडिया क्वेरी कालबाह्य झाल्या असे म्हणणे मला पटत नाही. सबंध पानाची चौकट, छपाईची मांडणी, वापरणाऱ्याने निवडलेला गडद रंग, हालचाल कमी ठेवण्याची त्याची पसंती, हे सगळे त्याच विचारतात. माझ्या अलीकडच्या कामांत रुंदीवर आधारलेल्या एकदोनच मीडिया क्वेरी उरतात, आणि त्या कोठे घालायच्या हे मी फोनांच्या मापांवरून ठरवत नाही. ब्राउझरची खिडकी सावकाश अरुंद करत न्यावी आणि मजकूर जेथे कुचंबतो तेथे ब्रेकपॉइंट घालावा. मग तो ६१३ पिक्सेलला आला तरी हरकत नाही.

वेलांटी

मांडणीविषयी ‘चौकट’ यांनी लिहिलेच आहे, म्हणून मी फक्त लिपीविषयी लिहितो.

आपल्या वेलांट्या कापल्या जातात, कारण इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकांची लाइन-हाइट (ओळीची उंची) बहुधा १.१ किंवा १.२ असते आणि कार्डात ‘ओव्हरफ्लो’ हिडन असतो, म्हणजे डब्याबाहेर जाणारे ते कापले जाते. रोमन अक्षरांना तेवढी जागा पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला, अशी दोन्हीकडे वस्ती असते. ‘कीर्ती’ हा शब्द घ्या: दोन वेलांट्या आणि एक रफार, सगळे वरच्याच मजल्यावर. शीर्षकांना निदान १.४ आणि परिच्छेदांना १.७ च्या आसपास लाइन-हाइट द्यावी, आणि ती एकक न लावता नुसत्या आकड्यात द्यावी, म्हणजे अक्षर मोठे झाले की ओळही त्याच प्रमाणात वाढते. पिक्सेलमध्ये ठरवून दिलेली उंची तर मराठी मजकुराच्या कोणत्याही डब्याला देऊ नये. बटणालासुद्धा नाही.

टेम्प्लेटमध्ये आणखी काही इंग्रजी सवयी दडलेल्या असतील. त्या शोधून काढा. बटणांवर आणि मेनूवर ‘अपरकेस’ आणि त्याच्या जोडीला वाढवलेले ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधील अंतर) ही जोडगोळी जवळपास ठरलेली असते. देवनागरीत मोठी लिपी नसल्याने पहिल्याचा काही परिणाम होत नाही, पण दुसऱ्याने शिरोरेषा तुटते आणि ‘सभासद’ हा शब्द चार सुट्या अक्षरांची माळ दिसू लागतो. मराठीसाठी लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवावे. इटॅलिक हीही तशीच गोष्ट आहे. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरे तिरके वळण नसते, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकवतो आणि ते कलंडलेल्या फळ्यासारखे दिसते. ‘फॉन्ट-सिंथेसिस’ बंद केले की हा प्रकार थांबतो. जोर द्यायचा असेल तर ठळक वजन वापरावे, मात्र ठळक फॉन्टाची फाइलही सोबत दिलेली असली पाहिजे. दुव्याखालची रेघ उकारांना छेदते. ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ने ती थोडी खाली न्यावी.

पानाच्या मुळाशी ‘लँग’ या गुणधर्मात मराठीचा संकेत ‘एमआर’ आहे ना, ते पाहा. टेम्प्लेटमध्ये तो इंग्रजीचाच राहून गेलेला असतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ज्या फॉन्टांत वेगळे दिलेले आहेत, ते हा संकेत पाहूनच ती रूपे काढतात, आणि पडदा-वाचक सॉफ्टवेअरही उच्चार त्यावरूनच ठरवते.

आता फॉन्टाच्या वजनाविषयी. यूनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ पट्ट्यात १२८ जागा आहेत, पण जोडाक्षरांची आणि अर्ध्या अक्षरांची रूपे धरली की फॉन्टातील आकृत्या शेकड्यांनी वाढतात, म्हणून देवनागरी फॉन्ट रोमनच्या मानाने जड असतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा नोटो सान्स देवनागरी, यांपैकी एकच घ्या आणि त्याची दोनच वजने घ्या. फॉन्ट उतरेपर्यंत ब्राउझर फोनमधला दुसरा फॉन्ट दाखवतो आणि मग अदलाबदल करतो; त्या क्षणी ओळी नव्याने मोडतात आणि वाचणाऱ्याच्या बोटाखालचे बटण खाली सरकते. पर्यायी फॉन्टाला ‘साइज-अ‍ॅडजस्ट’ देऊन त्याचे माप मूळ फॉन्टाच्या जवळ आणले की ही उडी बरीच कमी होते.

पडदाभर मोठी अक्षरे हवीच असतील तर ‘क्लॅम्प’ (किमान, मधले आणि कमाल अशी तीन मूल्ये घेणारे फंक्शन) वापरा, पण मधले मूल्य निव्वळ ‘व्हीडब्ल्यू’मध्ये देऊ नका. ते एकक पडद्याच्या रुंदीशी बांधलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याने अक्षरे मोठी केली तरी ते ढिम्म हलत नाही. ‘एक रेम अधिक दीड व्हीडब्ल्यू’ अशी बेरीज लिहिली की दोन्ही साधते.

दप्तर

मी एका ग्रंथालयात सूचीकरणाचे काम करतो आणि आमच्या संकेतस्थळाच्या अशाच नूतनीकरणात कार्यकारिणी आणि तंत्रज्ञ यांच्या मध्ये बसलेलो आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाविषयी लिहितो.

‘आधुनिक’ या शब्दाचा अर्थ दर काही वर्षांनी बदलतो, हे कार्यकारिणीला तारखांनिशी दाखवले तर पटते. २०१२ च्या विंडोज ८ ने आणि २०१३ च्या आयओएस ७ ने सपाट रंगांची लाट आणली, २०१४ मध्ये गूगलच्या मटेरियल डिझाइनने सावल्यांना नियमबद्ध स्थान दिले, आणि जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने ‘लिक्विड ग्लास’ जाहीर केल्यापासून काचेचे पुन्हा कौतुक सुरू झाले आहे. काच वाईट नाही. पण धूसर पट्ट्यामागून मुखपृष्ठांचे रंग सरकत असताना त्यावरील मजकुराचे रंगवैषम्य क्षणाक्षणाला बदलते, आणि डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची साध्या मजकुरासाठीची ४.५ ला १ ही किमान अट कधी पाळली जाते तर कधी मोडते. आम्ही तडजोड म्हणून काच फक्त वरच्या पट्टीला ठेवली आणि पट्टीचा रंग इतका दाट केला की ती काच आहे हे सांगावे लागते. सगळे खूश आहेत.

स्लायडरला मात्र मी ठामपणे विरोध करीन. आमच्याकडे पाच चित्रे फिरत होती, आणि ‘वाचनालय सोमवारी बंद’ ही सूचना चौथ्या चित्रात होती. सोमवारी दारापर्यंत येऊन परत गेलेल्या सभासदांची बोलणी मीच ऐकली आहेत. चित्रांची रांग हवीच असेल तर आपोआप न फिरणारी, बोटाने सरकवायची आणि स्क्रोल-स्नॅपने प्रत्येक चित्रावर थांबणारी ठेवा. तिला जावास्क्रिप्टही लागत नाही.

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत आधी एक गोष्ट तपासा. टेम्प्लेटच्या व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (पडद्यावर पान कसे बसवायचे हे सांगणाऱ्या ओळीत) ‘मॅक्सिमम-स्केल’ एक किंवा ‘यूझर-स्केलेबल’ नो असे लिहिलेले असेल तर ते काढून टाका. आयफोनवरील सफारी आयओएस १० पासून ही बंदी मानत नाही, पण इतर फोनांवर तीमुळे चिमटीने पान मोठे करणे बंद पडू शकते. डब्ल्यूसीएजी २.१ ची चाचणीही सोपी आहे: संगणकावर खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करावा, म्हणजे पानाला ३२० पिक्सेल उरतात, आणि एवढ्या रुंदीत वाचताना आडवे सरकावे लागता कामा नये. आकडेवारीच्या तक्त्यांना यातून सूट आहे. देवघेवीचा तक्ता त्याच्यापुरत्या सरकत्या डब्यात ठेवला तरी चालते.

ओसरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन संध्याकाळी बसून बरेच काही उरकले. किमान रुंदी शून्य केल्यावर आडवे सरकणे थांबले आणि सहांपैकी पाच ब्रेकपॉइंट काढून टाकता आले. आता पानाच्या चौकटीसाठी एकच उरला आहे. ‘यूझर-स्केलेबल’ नो खरोखरच लिहिलेले होते. कंटेनर क्वेरीत कार्ड नाहीसे होण्याचा अनुभवही घेतला, पण आधी वाचलेले असल्यामुळे जेवण वाचले.

एक नवीच गंमत मात्र झाली आहे. कार्डावरील पुस्तकाचे नाव दोन ओळींपुरते मर्यादित ठेवण्यासाठी टेम्प्लेटमध्ये ‘लाइन-क्लॅम्प’ आहे. वेलांट्या कापल्या जाऊ नयेत म्हणून मी त्याला वर आणि खाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिले. वेलांट्या सुटल्या, पण आता दुसऱ्या ओळीच्या खाली एक बारीक काळी रेघ दिसते. मला आधी वाटले की ती बॉर्डर आहे. पान मोठे करून पाहिले तेव्हा कळले की ती लपवलेल्या तिसऱ्या ओळीची शिरोरेषा आहे, आणि तिच्यावर वेलांट्यांची शेंडीही आहे.

वेलांटी

‘ओव्हरफ्लो’ हिडन असले तरी कापाकापी पॅडिंगच्या बाहेरच्या कडेला होते, आणि लपवलेल्या ओळी प्रत्यक्षात खाली मांडलेल्याच असतात. त्यामुळे खालच्या पॅडिंगच्या पट्टीत तिसरी ओळ डोकावते. रोमनमध्ये तेथे अक्षरांची तुरळक टोके दिसली असती, आपल्याकडे सलग रेघ दिसते. खालचे पॅडिंग काढून वरचे ठेवा, आणि खाली हवी असलेली मोकळी जागा मार्जिनने किंवा बाहेरच्या वेष्टनाला द्या. उकार कापले जात असतील तर लाइन-हाइट थोडी वाढवा.

दप्तर

तांत्रिक उत्तर मिळालेच आहे. पण पुस्तकाचे नाव मुळात कापायचेच कशासाठी? समग्र वाङ्मयाचे आठ खंड सूचीत आले की सगळ्यांची नावे सुरुवातीला तंतोतंत सारखी असतात आणि ‘खंड पाचवा’ हे शब्द अगदी शेवटी येतात. दोन ओळींवर कात्री चालवली की आठही कार्डे एकसारखी दिसतात, आणि मग सभासद काउंटरवर येऊन तिसऱ्याऐवजी सहावा खंड मागतो. आमच्याकडे हे घडलेले आहे. कार्डांची उंची एकसारखी दिसावी एवढाच हेतू असेल तर ग्रिडमधील एका ओळीतील घटक मुळातच समान उंचीला ताणले जातात. नाव, लेखक आणि ‘शिल्लक’ची खूण या तिन्ही पट्ट्या शेजारच्या कार्डांशी एका रेषेत हव्या असतील तर सबग्रिड (बाहेरच्या ग्रिडच्या रेषा आतल्या घटकांना वापरू देणारी सोय) वापरा, सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम ११७ मध्ये ते आल्यापासून तिन्ही प्रमुख ब्राउझरांत चालते.

चौकट

सहमत आहे. फक्त एक सूचना: सबग्रिडसाठी कार्डाला किती ओळी व्यापायच्या हे स्पष्ट सांगावे लागते, आपल्या बाबतीत तीन, आणि मुखपृष्ठ धरले तर चार. शिवाय सबग्रिड ग्रिडच्या थेट आतल्या घटकांपर्यंतच पोहोचते. त्यामुळे कंटेनर क्वेरीचे वेष्टन मध्ये आले की कार्डाचा ग्रिडशी संबंध तुटतो. ‘कंटेनर-टाइप’ प्रत्येक कार्डाच्या वेष्टनाऐवजी सबंध यादीच्या वेष्टनाला द्या आणि तिचीच रुंदी विचारा.

ओसरी

लाइन-क्लॅम्प काढून टाकला. सबग्रिडने चार पट्ट्या एका रेषेत आल्या, आणि सर्वांत लांब नावाला ३६० पिक्सेलच्या फोनवर पाच ओळी लागल्या. वाईट दिसत नाही. कार्यकारिणीला शनिवारी दाखवायचे आहे. स्लायडरचा विषय निघाला तर सोमवारच्या सूचनेची हकीकत सांगेन, ‘दप्तर’ यांची हरकत नसेल तर.